घासाघीस न करणारं गिऱ्हाईक

जुनी नाणी ऑनलाइन विकताना खरा संग्राहक वैताग आणतो. पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया विकायला टाका आणि बघा. राजाच्या अंगरख्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून तेव्हा ओरड झाली होती आणि ती नाणी मागे घेतली गेली. त्यामुळे या नाण्यासाठी विचारणारे बरेच, पण प्रत्येकाला हत्तीचा जवळून काढलेला फोटो हवा. मग कडेचा हवा. मग वजन किती, मुंबईच्या टांकसाळीचा ठिपका आहे की कलकत्त्याच्या टांकसाळीचं बिनखुणेचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, "धुतलंय का हो?" चिंच लावून चकचकीत केलेलं नाणं त्याला नको असतं. एवढं झाल्यावर तो निम्मी किंमत सांगतो, दोन दिवस गायब होतो आणि रविवारी रात्री उगवून म्हणतो, "काका, थोडं अजून कमी करा ना."

या माणसावर चिडू नका. हाच घेणार आहे.

ज्याच्यापासून जपून राहायचं तो फार गोड असतो. जाहिरात टाकून पंधरा मिनिटं होत नाहीत तोच मेसेज येतो, "सर, आयटम अव्हेलेबल है? फायनल समझो." किंमत मान्य, फोटो नको, वजन नको. नाण्याला तो 'आयटम' म्हणतो, कारण त्याच माणसाने सकाळी कुणाचा तरी सोफाही असाच 'फायनल' केलेला असतो. पुढे तो फौजेत असतो, पोस्टिंग लांब असतं, माल न्यायला माणूस येणार असतो आणि पैसे आत्ताच पाठवायचे असतात. नव्याने विकायला लागलेल्यांना मी एकच परीक्षा सांगतो: त्याला उलट प्रश्न विचारा. "कुठल्या टांकसाळीचं हवंय तुम्हाला?" खरा माणूस इथे सुरू होतो तो थांबत नाही. दुसरा म्हणतो, "कोई भी चलेगा, क्यूआर भेज रहा हूँ."

क्यूआरचं थोडक्यात. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. समोरच्याने पाठवलेला कोड स्कॅन करून पिन टाकली की पैसे जातात, येत नाहीत. व्यक्तीकडून व्यक्तीला येणारी कलेक्ट रिक्वेस्ट, म्हणजे ॲपवरून केलेली पैशांची मागणी, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, पण क्यूआरची युक्ती चालूच आहे. पेमेंटचा स्क्रीनशॉट म्हणजे नुसतं चित्र. 'चुकून एक शून्य जास्त गेलं, उरलेले परत करा' असा फोन आला तर आलेला एसएमएस बँकेचाच आहे का, हे बघत बसू नका. बँकेचं ॲप उघडून शिल्लक बघा. आणि त्याने सांगितलेलं कुठलंही ॲप फोनवर घेऊ नका.

हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. खरी गोची तेव्हा होते जेव्हा पैसे खरोखरच खात्यात येतात.

समजा तुम्ही नाणं तीस हजारांना काढलंत. ठग तुमचे फोटो उचलतो आणि तेच नाणं स्वतःचं म्हणून नागपूरच्या एका छंदवाल्याला विकतो. पैसे भरायला त्याला तुमचाच यूपीआय आयडी देतो. नागपूरकर तीस हजार भरतो, तुमच्या ॲपमध्ये ते दिसतात, सगळं खरं. लगेच ठगाचा फोन: "पैसे मिळाले ना? मग माणूस खाली उभा आहे, त्याच्याकडे द्या." तुम्ही पाकीट देता. नागपूरकराला नाणं पोचत नाही, तो १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करतो, आणि पैशांचा माग तुमच्या खात्यावर येऊन थांबतो. बँक ती रक्कम गोठवते, कधी कधी सगळं खातंच. नाणं गेलं, पैसे अडकले, आणि कागदावर ठग तुम्हीच.

म्हणून पैसे आले की आधी पाठवणाऱ्याचं नाव बघायचं. बोलणारा एक आणि भरणारा दुसरा असेल तर माल हलवायचा नाही. 'भावाच्या खात्यातून केलं' असं म्हणाला तर म्हणावं, भावाशी बोलू द्या, त्याला नाण्याबद्दल विचारतो. पटलं नाही तर पैसे परत करायचे, पण ज्या खात्यातून आले त्याच खात्यात, तेही बँकेला लेखी कळवून. "दुसऱ्या नंबरवर पाठवा" हे ऐकायचं नाही, तिथेच डाव असतो. चॅट पुसू नका; उद्या पोलीस ठाण्यात तुमची बाजू मांडायला तेवढंच हाताशी असतं.

फोटोंची चोरी थोडी तरी अवघड करता येते. नाण्याशेजारी चिठ्ठी ठेवा, तीवर तुमचं विक्रीचं नाव आणि तारीख हाताने लिहा, आणि चिठ्ठीचा कोपरा नाण्याखाली सरकवा, म्हणजे ती सहज कापता येत नाही. फॅन्सी नंबरची, म्हणजे खास आकड्यांमुळे मागणी असलेली, नोट असेल तर जाहिरातीत शेवटचे दोन आकडे झाका. ते फक्त पक्क्या गिऱ्हाइकाला दाखवायचे.

प्रत्यक्ष भेटायचं तर मुंबईकराची पहिली सूचना 'इंडिकेटरखाली भेटू' अशी असते. मी नाही म्हणतो. दादरच्या गर्दीत हातातलं नाणं कोण बघणार आणि कोण घेऊन पळणार, सांगता येत नाही. त्यापेक्षा ओळखीच्या सराफाचं दुकान बरं. तिथे कॅमेरा असतो, काटा असतो आणि चार माणसं असतात. ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, वापरून झिजलेला थोडा कमी भरतो, पण साडेदहा भरला तर कुणीतरी काहीतरी केलंय. काट्यावर ठेवून दोघांनी आकडा बघितला, त्याचा फोटो काढला, की 'तुम्ही दुसरंच दिलंत' हा वाद उरत नाही. नाणं त्याच्या हातात गेल्यावर तुमची नजर त्याच्या बोटांवर हवी. तुमचं घेऊन खिशातलं परत देणारे असतात. घरी मात्र बोलवू नका. संग्रह कुठल्या कपाटात आहे हे परक्याने का बघावं? दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नका, आयकर कायद्याला ते चालत नाही.

कुरिअरने पाठवताना तोच वजनाचा फोटो, पाकीट बंद करतानाचा अखंड व्हिडिओ, आणि परत आलेलं पाकीट उघडतानाचाही.

'रिझर्व्ह बँक जुनी नाणी विकत घेते, आधी नोंदणी फी भरा' असं पत्र पाठवणारे अजूनही भेटतात, ट्रॅक्टरचं चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नोटेला लाखो देतो म्हणणारेही तेच. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय की ती असल्या व्यवहारात नाही आणि फी-कमिशनही मागत नाही. विकणाऱ्याकडेच आधी पैसे मागणारा गिऱ्हाईक नव्हे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

परदेशी गिऱ्हाइकाचं वेगळं आहे, आणि इथे माणूस खरा असला तरी तुम्ही अडकता. १०० वर्षं झालेलं नाणं १९७२ च्या प्राचीन वस्तूंच्या कायद्यात येतं. ते धंदा म्हणून विकायचं तर परवाना लागतो, आणि देशाबाहेर पाठवायला खासगी माणसाला मनाईच आहे. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैदेची. म्हणजे तो १९११ चा रुपयाही गेला यात. 'पार्सलवर बटण लिहा, कोण बघतंय' असं कुणी सुचवलं तर त्याला तिथल्या तिथे ब्लॉक करा आणि जाहिरातीत लिहून टाका: फक्त भारतात.