कोकम पंच पाणचट होत होतं, ते असं सावरलं

दर ३१ डिसेंबरला आमच्याकडे पंधरा-वीस माणसं जमतात आणि मोठ्या पातेल्यात कोकमाचं पंच होतं. अमृत कोकम (कोकमाचा गोड पाक), आल्याचा रस, लिंबू, चिमूटभर जिरेपूड, वरून सोडा. गेल्या वर्षी तासाभरात त्याचं गुलाबी पाणी झालं. फार वाईट वाटलं, कारण काकू खास त्यासाठीच येते.

दोष बर्फाचा होता. लहान खडे सगळ्या बाजूंनी भराभर वितळतात. यंदा आदल्या रात्री स्टीलच्या डब्यात कोकम सरबतच गोठवलं, पुदिन्याची पानं घालून. तो लालभडक ठोकळा पातेल्यात सोडला. हळूहळू वितळला, आणि वितळला तरी चव तीच!

सोडाही आधी ओतायचा नाही. कोमट सोड्यातला वायू लगेच उडतो. म्हणून बाटल्या फ्रिजमध्ये गार करून, वाढताना प्रत्येक ग्लासात कडेने ओतला.

आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, मात्र वापरू नका, त्यात मीठ असतं. ते सोलकढीलाच शोभतं.

मोठ्यांसाठी काजू फेणी वेगळी ठेवली, ग्लासाला ३० मिली. तिचा उग्र वास कोकम-आल्यासोबत छान मुरतो. मुलांचं पातेलं बिनफेणीचंच राहिलं, आणि तेच आधी संपलं.