मोटरहोमची बॅटरी चार्ज होत नाही? वायरिंगच्या या चुका टाळा

चार्जरचा दिवा लागलेला, पंखा फिरतोय, रात्रभर प्लग लावलेला, तरी सकाळी बॅटरी अर्धीच. पहिला संशय चार्जरवर जातो आणि नवा आणला जातो. दोष मात्र अनेकदा चार्जर ते बॅटरी या वाटेत असतो, त्यामुळे नवा चार्जरही तेच रडगाणं गातो. (खालचे आकडे १२ व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीचे आहेत.)

एकाच ठिकाणी व्होल्टेज मोजणं

काही तास न वापरलेली, भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. अर्धी असेल तर १२.१ च्या आसपास. चार्जर लावल्यावर आकडा जागचा हललाच नाही, तर करंट पोहोचतच नाही. आधी फ्यूज आणि कट-ऑफ स्विच (बॅटरी बाकी वायरिंगपासून तोडणारा) बघा. आकडा चढतो पण चार्जिंग रेंगाळतं, तेव्हा बॅटरी थोडी उतरलेली असताना चार्जर लावा आणि चार्जरच्या टर्मिनलवर व बॅटरीवर, दोन्हीकडे मल्टिमीटरने मोजा. बॅटरीकडे प्रोब (मल्टिमीटरच्या वायरीचं टोक) क्लॅम्पवर नको, थेट शिशाच्या पोस्टवर टेकवा. पोस्ट आणि क्लॅम्पच्या मध्ये साचलेला पांढरा-हिरवा थरच कित्येकदा खरा चोर असतो.

दोन्हीकडे फरक दिसला तर एक प्रोब चार्जरच्या पॉझिटिव्हवर, दुसरा बॅटरीच्या पॉझिटिव्हवर ठेवा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर गडबड याच बाजूला. मग बॅटरीकडचा प्रोब लग (वायरच्या टोकाची धातूची कडी), फ्यूज होल्डर, स्विच असा एकेक सांधा मागे सरकवत या. जो सांधा ओलांडताना आकडा एकदम पडतो, तो दोषी. निगेटिव्ह बाजूलाही हेच करा. तिथे बॉडीला मारलेला बोल्ट रंगावर किंवा गंजावर बसलेला सापडतो. करंट वाहत नसताना ही तपासणी व्यर्थ आहे: आतल्या एकाच बारीक तारेवर लटकलेली वायरसुद्धा तेव्हा पूर्ण व्होल्टेज दाखवते.

‘वायर चालेल’ असं म्हणणं

चार्जर बॅटरीपासून ५ मीटरवर असेल तर हिशेब १० मीटरचा, कारण परतीची वायरही धरायची. ३० अँपिअरला ६ चौरस मिमी तांब्याच्या वायरीत जवळपास १ व्होल्ट गळतो. १६ चौरस मिमीत साधारण ०.३५. वेगळी सेन्स वायर (बॅटरीवरचं व्होल्टेज चार्जरला कळवणारी) नसलेला चार्जर स्वतःच्या टोकाचं व्होल्टेज बघतो. त्याला १४.४ दिसतात, तो करंट कमी करू लागतो, आणि बॅटरी तिकडे उपाशीच. जाड वायर टाका किंवा चार्जर बॅटरीजवळ आणा. दुसरं अनेकदा स्वस्त पडतं.

काळी वायर म्हणजे निगेटिव्ह, हे गृहीत धरणं

गाडीच्या मूळ वायरिंगमध्ये ते बहुधा खरं असतं. पण अमेरिकी बनावटीच्या अनेक कॅम्परांत राहत्या भागाच्या १२ व्होल्ट लाइनमध्ये काळी पॉझिटिव्ह आणि पांढरी निगेटिव्ह असते. रंगावर विसंबून बॅटरी उलटी जोडली की कन्व्हर्टरमधले (बाहेरच्या विजेपासून १२ व्होल्ट देणारा, बॅटरी चार्ज करणारा डबा) रिव्हर्स पोलॅरिटी फ्यूज, म्हणजे उलट्या जोडणीपासून वाचवणारे फ्यूज, उडतात. खूण ठळक आहे: बाहेरची वीज असताना दिवे लागतात, प्लग काढला की सगळं बंद, आणि बॅटरी चार्ज होत नाही. आधी जोडणी सरळ करा, मगच त्याच रेटिंगचे फ्यूज टाका. मोठा फ्यूज टाकून बघू, हा विचारही नको.

फ्यूज चार्जरजवळ बसवणं

शॉर्ट झाल्यावर शेकडो अँपिअर ओतते ती बॅटरी. म्हणून फ्यूज तिच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरातच हवा आणि त्याचं रेटिंग वायरला झेपेल एवढंच. वायर सोडताना चार्जर बंद करा, निगेटिव्ह आधी काढा, जोडताना शेवटी लावा.

सहज नजरेतून सुटणाऱ्या जोडण्या

कट-ऑफ स्विचच्या लोडच्या (दिवे-पंख्यांकडच्या) बाजूला चार्जर जोडला असेल, तर स्विच बंद ठेवून केलेलं चार्जिंग बॅटरीपर्यंत जातच नाही. चार्जर इन्व्हर्टरच्या (बॅटरीपासून घरगुती वीज बनवणाऱ्या) आउटपुटवर चालत असेल तर बॅटरी स्वतःलाच चार्ज करत बसते आणि उतरत जाते. चार्जरची लाइन इन्व्हर्टरच्या आधीच घ्या. बॅटरी मॉनिटर असेल तर चार्जरची निगेटिव्ह शंटच्या (मॉनिटरसाठी करंट मोजणाऱ्या पट्टीच्या) सिस्टिमकडच्या, म्हणजे बॅटरीच्या विरुद्ध, टोकाला लावा. ती थेट बॅटरीवर गेली की आत आलेला करंट मोजलाच जात नाही, आणि भरलेली बॅटरीही मॉनिटरवर रिकामी दिसते. दोन बॅटऱ्या पॅरललमध्ये असतील तर पॉझिटिव्ह एकीवरून आणि निगेटिव्ह दुसरीवरून घ्या, नाहीतर चार्जरजवळची बॅटरी आधी भरते आणि लांबची कायम मागे राहते.