नर्सिंग स्कूलच्या जुन्या ग्रुप फोटोतली नावं कशी वाचवायची

आईचा १९६३ सालचा फोटो आमच्या माजघरात टांगलेला असायचा. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात, म्हणजे डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये उभारलेल्या रुग्णालयात, ती नर्सिंग पास झाली तेव्हाचा. तीन रांगांत बावीस मुली, कडक इस्त्रीचे पांढरे गणवेश, डोक्यावर टोप्या, मधल्या खुर्चीत मेट्रन, म्हणजे मुख्य परिचारिका. फ्रेम बदलायला दिली तेव्हा दुकानदाराने जुन्या पुठ्ठ्याची कड कापून टाकली. नावं त्या कडेवरच छापलेली होती.

म्हणून पुठ्ठ्याला कात्री लावू देऊ नका. स्टुडिओचं नाव, गाव, साल, कधी कधी सगळी बॅच तिथेच असते. फ्रेम उघडली की आधी मागची बाजूही टिपून घ्या.

फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, वरचा थर सुटून येतो. पाणी तर अजिबात नको. काचेसकटच त्याचा कॅमेऱ्याने फोटो घ्या: दिवे दोन्ही बाजूंनी तिरपे, कॅमेरा बरोबर समोर, आणि काचेत आपण दिसू नये म्हणून कॅमेऱ्यापुढे भोक पाडलेलं काळं कापड धरा. सुटा फोटो ६०० डीपीआयवर (दर इंचाला इतके ठिपके) स्कॅन करा, चेहरे बारीक असतील तर १२०० वर. मूळ फाइल टिफ (TIFF) या प्रकारात ठेवा आणि तिच्यात काहीही सुधारू नका. चेहरे 'स्पष्ट' करणाऱ्या ॲपमधली प्रत ओळख पटवायला वापरू नका; ते ॲप जे दिसत नाही ते मनाने भरतं आणि मावशीच्या जागी भलतीच बाई उभी राहते.

आता खरं काम. फोटोची मोठी प्रिंट घ्या, तिच्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून डोक्यांच्या बाह्यरेषा काढा आणि डावीकडून, रांगेनुसार आकडे टाका. मग बॅचमधल्या ज्या कुणी हयात आहेत त्यांच्याकडे जा. हे पुढच्या दिवाळीवर टाकू नका. "ही कोण?" असं विचारलं की आई गप्प व्हायची. "हॉस्टेलात तुझ्या शेजारच्या खाटेवर कोण असायचं?" म्हटल्यावर तीन नावं लागोपाठ आली, त्यातल्या एकीच्या घरून येणाऱ्या शेंगदाण्याच्या चटणीसकट.

प्रत्येकीची दोन नावं लिहा, माहेरचं आणि सासरचं. फोटोखाली माहेरचं नाव असतं. नात दुसऱ्याच आडनावाने शोधत येते आणि रिकाम्या हाताने परत जाते. आमच्या तेरा नंबरच्या मावशी अशाच सापडल्या: वर्षभर जिला शोधत होतो, ती आईला दर संक्रांतीला फोन करणारी बाई निघाली. टोपीवरची पट्टी, कमरेचा पट्टा, छातीवरची पिन यांचा अर्थही बॅचमधल्या बायकांनाच विचारा. दर हॉस्पिटलची पद्धत वेगळी असायची.

मूळ फोटो आम्लमुक्त कागदात गुंडाळून आडवा, कोरड्या कपाटात ठेवा. चिकट पानांचा अल्बम नको, पीव्हीसी प्लॅस्टिकची पिशवीही नको. पावसाळ्यात बुरशी लागते, म्हणून भिंतीला लागून ठेवू नका. मागे लिहायचंच तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने.

आमची सतरा नावं लागली. उरलेल्या पाच जागी मी आकडा आणि खूण लिहिली आहे: "१९, उंच, चष्मा, सोलापूरकडची असावी." अंदाजाने नाव घातलेलं नाही.