हर्णेला चित्र काढायला जाताय? आधी बाटली भरा

परत हर्णेला चाललोय, म्हणून ही यादी. खरंतर स्वतःसाठीच लिहितोय, कोणाला उपयोग झाला तर उत्तमच.

पाणी. गोडं पाणी. रंगांसाठी दोन लिटर, प्यायचं वेगळं. मागच्या वेळी स्टूलपासून सगळं नेलं आणि पाणी विसरलो, म्हटलं समोर एवढा समुद्र पडलाय, आणि डबा तिथेच बुडवून घेतला. समोरच्या सुवर्णदुर्ग किल्ल्याचा तट झकास जमला होता हो, मग वर आकाशाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, टाकला आणि सुकता सुकता मिठाने रंग जागोजाग ओढून घेतला, आभाळाला देवी आल्यासारखे डागच डाग! वर तो कागद धड सुकेचना. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, घरी चार दिवसांनी हात लावला तरी दमटच. तर गोडं पाणी न्या.

रंग, ब्रश तुमचे तुम्ही बघा. कागद जाड, 300 जीएसएम वजनाचा, पातळ फुगतो. चारी बाजूंनी टेप लावा आणि वर क्लिपा पण लावा, दुपारी वारा सुटला की नुसत्या टेपच्या भरवशावर राहू नका. छत्री काळी किंवा पांढरीच, रंगीत छत्रीतून येणारा उजेड कागदावर पडतो आणि रंग भलतेच मिसळले जातात. गॉगल लावून रंग मिसळणाऱ्यांना काय बोलणार.

पाणी घेतलंत ना?

वेळ आधी ठरवा. किल्ला किनाऱ्याच्या पश्चिमेला आहे, म्हणजे सकाळचं ऊन समोरून तटावर पडतं, बुरूज, दगड सगळं सुटं दिसतं. संध्याकाळी सूर्य त्याच्या मागे जातो, उरते नुसती काळी आकृती, सोपं वाटतं पण तेवढ्यात उजेड संपतो. बंदरावर मासळीचा लिलाव संध्याकाळी असतो, होड्या काढायच्या तर तिकडे बसा, फक्त खांद्यावरून चारपाच जण डोकावणार आणि एकजण तरी विचारणार की फोटो का नाही काढत.

भरती बघून जा. जुना हिशोब आहे, तिथी गुणिले तीन भागिले चार, म्हणजे चतुर्थीला साधारण तीनला भरती, अष्टमीला सहाला. अंदाजच आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास उधाण, तेव्हा स्टूल बरंच वर मांडा. पाणी पायाशी आलं तरी डबा त्यात बुडवायचा नाही!!

आवरताना ब्रश गोड्या पाण्यात धुवा, माझ्या आठ नंबरच्या ब्रशची धातूची नळी खाऱ्या पाण्याने गेली. टोपी, फडकं, कचऱ्याला पिशवी, झालं. आणि बाटली आदल्या रात्रीच भरून दारात चपलांवर ठेवा, आठवण राहील वगैरे काही नसतं.