इंजिन तापतंय? आधी हीटर लावून बघा

आपल्याकडे गाडीतल्या हीटरला वर्षभर कोणी हात लावत नाही. डिसेंबरात महाबळेश्वरला गेलो तर नॉब लालकडे फिरवायचा, एवढाच त्याचा उपयोग. पण इंजिन तापायला लागलं की बिघाडाचा पहिला पत्ता हा हीटरच देतो. बहुतेक पेट्रोल-डिझेल गाड्यांत इंजिनातून फिरणाऱ्या गरम कूलंटचाच (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा) एक फाटा डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून, म्हणजे हीटर कोअरमधून, जातो आणि ब्लोअर त्यावरून हवा सोडतो. म्हणून गाडी तापते आणि हीटर लागत नाही, या दोन तक्रारींचं मूळ बरेचदा एकच निघतं.

रस्त्यात काटा चढला तर

कसारा घाट चढताना तापमानाचा काटा लालकडे सरकू लागला (नव्या छोट्या गाड्यांत काटाच नसतो, लाल दिवा लागतो), तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, ब्लोअर फुल. मे महिन्यात हे जिवावर येतं, पण इंजिनातली तेवढी उष्णता बाहेर पडते. सुरक्षित जागा दिसताच गाडी बाजूला घ्या. काटा लालमध्ये गेलाच असेल किंवा बॉनेटमधून वाफ येत असेल, तर इंजिन लगेच बंद.

यानंतर बहुतेक जण जे करतात ते करू नका: रेडिएटरचं झाकण उघडणं. साधारण एक बार दाब धरून ठेवणाऱ्या झाकणामुळे आतलं पाणी 100 नव्हे, 120 अंशांच्या आसपास उकळतं. झाकण सैल झालं की दाब सुटतो आणि ते पाणी थेट तोंडावर येतं. हातात फडकं असून उपयोग नाही. इंजिन गार व्हायला अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त लागतो, तेवढं थांबा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो.

हीटरची हवा आणि काटा, दोन्ही एकत्र बघा

काटा वर आणि हीटरची हवा गार: कूलंट कमी आहे, एअर लॉक झालाय (वाटेत हवा अडकलीय) किंवा वॉटर पंप पाणी फिरवत नाही. यात पुढे रेटू नका, टोइंग बोलवा.

काटा वर आणि हवा कडक गरम: पाणी फिरतंय, पण उष्णता बाहेर जात नाही. फॅन, थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडे वाट उघडणारी झडप) किंवा चोक झालेला रेडिएटर, यांपैकी एक.

काटा नेहमीच खाली आणि हवा कोमट: थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, किंवा कोणीतरी तो काढूनच टाकलाय. ‘आपल्या हवेत त्याची गरज नाही’ म्हणणारे मेकॅनिक अजून भेटतात. त्यांचं ऐकू नका. इंजिन सतत गार राहिलं की पेट्रोल जास्त जातं आणि झीजही वाढते.

काटा जागेवर पण हवा गार: बॉनेट उघडून केबिनच्या भिंतीत शिरणारे हीटरचे दोन पाइप जपून चाचपा. एक गरम, एक गार असेल तर हीटर कोअर किंवा त्याचा वॉल्व्ह तुंबलाय. दोन्ही गरम असतील तर दोष डॅशबोर्डमधल्या झडपेचा किंवा तिच्या केबलचा.

तापते कधी?

सिग्नलला तापते आणि हायवेला काटा खाली येतो, म्हणजे फॅनवर संशय. इंजिन चालू ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत फॅन लगेच फिरायला हवा. नसेल तर आधी फ्यूज आणि रिले बघा, मोटरचा खर्च नंतर. बोटं लांब ठेवा, काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही फॅन अचानक सुरू होतो.

उलट हायवेला किंवा चढावर तापत असेल, तर रेडिएटर चोक असण्याची शक्यता मोठी. बोअरचं पाणी भरत आलेल्या गाड्यांत क्षार साचून आतल्या नळ्या बुजतात. थर्मोस्टॅट मात्र घरीच तपासता येतो. तो काढून दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात टांगा आणि पाणी तापवा. त्यावर 82 किंवा 88 असा आकडा कोरलेला असतो, त्या तापमानाच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे. पाणी उकळूनही उघडला नाही तर बदला.

पाणी कुठे जातंय?

रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा सरकवून ठेवा; सकाळी डाग दिसला तर गळती बाहेरची. डावीकडचं पायपुसणं ओलं, केबिनमध्ये गोडसर वास आणि काचेवर तेलकट धुकं, तर हीटर कोअर गळतोय. पुठ्ठा कोरडा, पायपुसणंही कोरडं आणि तरी गाडी पाणी खात असेल, तर हेड गॅसकेटची, म्हणजे हेडखालच्या सीलची, शंका घ्या. इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहणं आणि थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरमध्ये बुडबुडे येणं, या त्याच्या खुणा. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला की लगेच घाबरू नका, पावसाळ्यात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो नुसत्या दमटपणानेही येतो. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल तर गाडी चालवू नका.

भरताना

मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच कूलंट घ्या. तयार मिश्रण नसेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये, सहसा निम्मं-निम्मं. इंजिन गार असताना, हीटर पूर्ण गरमवर ठेवून हळूहळू भरा आणि जिथे हवा काढायचा स्क्रू दिलाय तिथे तो सैल करा. मग इंजिन चालू ठेवून फॅन एकदा लागून बंद होईपर्यंत थांबा. तोवर हीटरची हवा कडक गरम यायला हवी. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर पातळी पुन्हा बघा. उरलेली हवा निघून गेल्याने ती थोडी उतरते, तेवढी भर घाला. आठवड्यात पुन्हा उतरली, तर पुठ्ठा परत गाडीखाली.