चार दिवसांत रिप्लेसमेंटला उभं राहायचंय?

रात्री साडेअकराला फोन येतो, रविवारी प्रयोग आहे, आपला तो आजारी पडलाय, उभा राहशील का, आणि आपण विचार न करता हो म्हणून बसतो. मीही असाच हो म्हणालो होतो, त्यामुळे खालचं सगळं फजिती करून घेऊन शिकलेलं आहे. (नाईट, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे, किती मिळणार ते त्याच फोनवर विचारून घ्या, नंतर विचारायला लाज वाटते.)

संहिता हातात आली की लगेच आपली वाक्यं घोकायला बसू नका. आधी अख्खं नाटक दोनदा वाचा. मग हायलायटर घ्या आणि आपली वाक्यं नाही, समोरच्याचे शेवटचे तीन-चार शब्द रंगवा, कारण प्रयोगात आपल्याला उठवतो तो क्यू, आणि नुसती आपली वाक्यं धडाधड पाठ असलेला माणूस समोरचा थांबला की गप्प उभा राहतो. घरातल्या कोणाला तरी समोरच्याचं वाचायला लावा, मुद्दाम सपाट आवाजात, आणि आपण भांडी घासत, कपडे वाळत घालत उत्तर द्यायचं. हात कामात असताना वाक्य आलं तरच ते पाठ झालं समजा. खुर्चीत बसून केलेलं पाठांतर उभं राहिल्यावर उडतं, माझं पहिल्याच तालमीत उडालं.

प्रयोगाचं रेकॉर्डिंग मिळालं तर आवाज बंद करून बघा. खरंच. आवाज चालू ठेवलात की आधीच्या नटाचा सूर गळ्यात बसतो आणि मग आपण त्याची मिमिक्री करत फिरतो. हालचाली मात्र त्याच्याच घ्यायच्या, तिथे शहाणपणा नको, लाईट त्या जागांवर लावलेले असतात आणि दोन फूट इकडेतिकडे झालात तर तोंड अंधारात. जागा त्याच्या, सूर आपला. नटसम्राटमधले बेलवलकर १९७० साली पहिल्यांदा डॉ. लागूंनी केले, पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनीही केले, आता एवढी मोठी माणसं लागूंची नक्कल करत बसली असती तर कोणी बघायला गेलं असतं का?

मग आवाज चालू करून फक्त लाफ्टर कुठे येतात ते संहितेत मार्क करा. हशा चढत असताना बोललात तर वाक्य वाया, आणि पार शांत होईपर्यंत थांबलात तर प्रयोग थंड पडतो, हशा उतरायला लागला की पुढचं वाक्य उचलायचं. आणि लाफ्टर आलाच नाही तर? वाट बघायची नाही, चालू पडायचं. हे चार दिवसांत जमत नाही, माझं अजून चुकतं.

प्रॉपर्टीची, म्हणजे स्टेजवर लागणाऱ्या वस्तूंची, वेगळी यादी करून विंगेत चिकटवा, कुठल्या विंगेतून एन्ट्री, हातात काय, खिशात काय, बाहेर जाताना काय घेऊन जायचं. मी पत्र वाचायच्या सीनला पत्र आतच विसरून आलो होतो, समोरच्या ताईंनी "तोंडीच सांगा, माझा विश्वास आहे" म्हणून वाचवलं, आणि त्यावर लाफ्टर पण त्यांनीच घेतला.

विंगेत वाक्य सुचवणारा प्रॉम्प्टर असेलच असं नाही. म्हणून सहकलाकारांना आधीच सांगून ठेवा की मी अडकलो तर प्रश्न विचारा. ब्लँक झालात तर जमिनीकडे बघू नका, प्रेक्षकांना तिथेच कळतं, समोरच्याच्या डोळ्यांत बघत राहा, तो ओढून नेतो.

रविवारी थिएटरला दोन-तीन तास आधी पोचा. सेट लागला की दारं उघडून बघा, पायऱ्या मोजा, बाल्कनीत शेवटच्या रांगेत कोणाला तरी बसवून दोन वाक्यं टाकून बघा.

आणि बूट स्वतःचे न्या. कपडे कोणीतरी टाचण्या लावून फिट करून देतं, बुटांचं तसं होत नाही, मी अख्खा दुसरा अंक पुढे पेपरचे बोळे कोंबलेल्या नऊ नंबरात काढलाय.