जुन्या दस्तऐवजातील एस्कुदोचे रुपये करताना

घरच्या पेटीत पोर्तुगीज अमदानीतील विक्रीखत सापडल्यास रकमेआधी तारीख पाहावी. कारण गोव्यात एस्कुदो १९५८-५९ च्या सुमारास चलनात आला आणि त्यापूर्वी १६ टांगांचा रुपिया चालत असे. बदलाचा दर एका रुपियाला ६ एस्कुदो असा ठरल्याने १,२०० एस्कुदोंची रक्कम २०० रुपिया होते. आकड्यांच्या मधोमध दिसणारे डॉलरसारखे चिन्ह एस्कुदो व सेंताव्ह (एस्कुदोचा शंभरावा भाग) वेगळे करते, त्यामुळे त्यापुढील दोन शून्ये मूळ रकमेला जोडू नयेत (ही चूक सर्रास होते). एका युरोला २००.४८२ एस्कुदो हा १९९९ पासूनचा पोर्तुगालचा दर मात्र येथे मुळीच लावू नये.